डाग वाचणारी ड्रेमा

ड्रेमा स्टिडमकडे कुणी बॅट घेऊन आला की ती आधी त्याला पायपोसावर पाय पुसायला लावायची, मग बॅट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायला सांगायची, आणि मग विचारायची, "मी सांगेन ते ऐकून घ्यायची तयारी आहे का? नसेल तर कॉफी पी आणि नीघ." निम्मे लोक कॉफी पिऊन निघायचे. कॉफी ओतायचं काम माझ्याकडे. शेजारीण म्हणून एकावन्न वर्षांत मला मिळालेली ही एवढीच बढती.

टॅकेट फोर्कच्या खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या गावाचा स्वतःचा बेसबॉल संघ होता, लार्क्स नावाचा. अगदी तळच्या लीगमधला. पोरं कुठून कुठून यायची, दोन उन्हाळे खेळायची आणि पांगायची. त्यांचे कपडे धुवायचं काम ड्रेमाकडे होतं. तिच्या नवऱ्याची, क्रीडची, खाणीत पाठ गेली आणि घरात बसून करता येईल असं हेच एक काम मिळालं. बारा वर्षं तिनं ते केलं. मागच्या अंगणात दोन मोठी घंगाळं, घासायची पत्र्याची फळी, साबण, नीळ, आणि टाकलेल्या पत्र्याच्या डब्यात डुकराची चरबी. चरबी कशाला, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. ती म्हणाली, "डांबराला. साबणाला डांबर हसतं."

खेळाडू हात घसरू नये म्हणून बॅटीच्या मुठीला पाइनचं चिकट डांबर चोपडतात. ते हाताला लागतं, हातावरून टोपीला, टोपीवरून शर्टाला, आणि शेवटी ड्रेमाला. कुणाचा डाग कुठं असतो हे तिला पाठ झालं होतं. एक पोरगा आपली पाळी यायची वाट बघताना बॅट खांद्यावर टेकवायचा, त्याच्या उजव्या खांद्यावर काळी पट्टी. दुसरा दर चेंडूआधी मांडीला हात पुसायचा. एक होता तो देवभोळा, छातीवर क्रूस काढायचा, आणि शर्टावर खरोखरच क्रूस उमटलेला असायचा. पाठीवरचा नंबर न बघता ती शर्ट ओळखायची. पोरं सामन्यात काय करून आली हे ती त्यांच्या आयांच्याही आधी सांगू शकली असती, आयाच इथं नव्हत्या म्हणून बरं.

पंचावन्न साली लीग मोडली. खाणी नंतर मोडल्या. ड्रेमानं घंगाळात झेंडू लावले.

ऐंशीच्या सुमारास मात्र लोकांना काय झालं कोण जाणे, जुन्या बॅटी भिंतीवर टांगायचं वेड आलं. नुसती जुनी बॅट नाही चालायची, खऱ्या सामन्यात खऱ्या खेळाडूनं वापरलेली हवी. एक दिवस बेकलीचा एक गृहस्थ अशी एक बॅट घेऊन आमच्या रस्त्यावर विचारत फिरत होता, की लार्क्सची माहिती असलेलं कुणी आहे का. त्याला मीच ड्रेमाकडे नेलं. बॅटीची मूठ काळी कुळकुळीत. ड्रेमानं ती नाकाजवळ नेली.

"हे चर्चला घालून जायचे बूट आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"बुटाचं पॉलिश आहे हे. काल-परवा लावलंय. आणि हे खड्डे हातोडीचे आहेत, गोल डोक्याच्या. आमची पोरं बुटाच्या खिळ्यांतला चिखल झाडायला बॅटीनं तळवे बडवायची, त्याचे खड्डे टोकदार असतात, आणि बाजूबाजूनं दोन-तीन असतात. ज्यानं ही बॅट केली त्यानं कष्ट केलेत हां. पण बूट कधी बडवला नाही."

गृहस्थ लालबुंद. "तुम्ही काय संग्रहालयात होता का, बाई?"

"नाही. मी धुणं धुवायचे."

त्यानं ते गावभर सांगितलं, म्हणजे तिची चेष्टा म्हणून सांगितलं असणार, पण झालं उलटंच. लोक बॅटी घेऊन येऊ लागले. ती कुणाकडून काही घ्यायची नाही. फार झालं तर लोणच्यातल्या बिटांची बरणी ठेवून घ्यायची. चुलीवर चरबी पातळ करायची, पांढऱ्या सुती फडक्याच्या कोपऱ्याला लावायची आणि मुठीचा नखाएवढा भाग पुसायची. खरं डांबर फडक्यावर तपकिरी उतरतं, सावकाश. पॉलिश लगेच काळं येतं. मग ती बॅट खिडकीशी धरून फिरवायची आणि पिवळा रंग शोधायची. आमच्या मैदानावर बॅटी ठेवायची जी फळी होती, तिला दर वसंतात खाणीतल्या कोळशाच्या डब्यांना लावून उरलेला पिवळा रंग द्यायचे. त्यामुळे लार्क्सच्या प्रत्येक बॅटीच्या फुगीर भागावर पिवळे ओरखडे असायचेच.

आणि शेवटी चेंडूचे ठसे. सरावाला आमच्याकडे फाटके चेंडू असायचे, खाणीतल्या वीजवाल्यांची काळी चिकटपट्टी गुंडाळलेले. त्यांची शिवण बॅटीवर उमटतच नाही. नवा चेंडू फक्त सामन्यात निघायचा, पंच त्याला ओढ्याचा चिखल चोळून त्याची चकाकी घालवायचा, आणि तो बसला की लाकडावर शिवणीचे टाके उमटायचे, मुंग्यांच्या पायांसारखे. शिवण दिसली तर सामना. नाही दिसली तर सराव. एवढं साधं होतं, पण ते तिच्याआधी कुणाला सुचलं नव्हतं.

आता जिच्यासाठी मी हे लिहायला बसले ती गोष्ट.

लार्क्सच्या बसचा ड्रायव्हर होता वायली ब्लँकेनशिप. लांब, हडकुळा, नखांत कायम ग्रीस. तो बस जितकी चालवायचा तितकीच तिच्याखाली झोपून दुरुस्त करायचा. लीग मोडल्यावर त्यानं गॅरेज टाकलं आणि तेव्हापासून एक गोष्ट सांगायला लागला, ती मरेपर्यंत. सांगायचा ती अशी.

त्रेपन्न सालचा ऑगस्ट. पाच दिवसांचा दौरा, त्यातला हार्लो गावचा सामना. आदल्या रात्रीच्या बटाट्याच्या सॅलडनं चार पोरं खानावळीत आडवी झालेली. शेवटच्या डावात आणखी एकाचा पाय मुरगळला. मॅनेजरकडे नववा माणूसच उरला नाही, आणि नऊ नसतील तर सामना गेला. वायली नेहमीप्रमाणे बसखाली. मॅनेजरनं त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं आणि म्हणाला, "डचचा शर्ट घाल." डच क्रेसलर म्हणजे आमचा चौदा नंबर, आडव्या चौघांतला एक. यादीत नाव नसलेला माणूस खेळवला तर लीग संघाला हाकलायची, म्हणून वायलीला डच बनूनच जायचं होतं. तो डचचे कपडे घालून, डचची बॅट घेऊन उभा राहिला, आणि एकच चेंडू मारला. "असा गेला," वायली हात लांब करून सांगायचा, "डाव्या बाजूला, कुंपणावरून, नदीवरून, आणि कोळशाच्या मनोऱ्यावर ठण्ण! आमचा तिसऱ्या बेसवरचा गडी पळत घरच्या बेसवर आला, सामना आमचा. आणि हात असे झणझणले की टॅकेट फोर्क येईपर्यंत स्टिअरिंग धरवत नव्हतं." इथं तो दोन्ही हात हवेत झटकायचा.

मॅनेजरनं सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. लीग होती तोवर वायलीनं ठेवलंही. बोलायची वेळ आली तेव्हा पोरं पांगली होती, मॅनेजर मेला होता, आणि हार्लोच्या पेपरात डचचंच नाव छापलेलं होतं. आणि तो मनोरा! हार्लोचं मैदान ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे की तो मनोरा तिथून बंदुकीनंही लागणार नाही.

दुकानात एकदा वायली ही गोष्ट सांगत असताना ड्रेमा साखर घ्यायला आली होती. तिनं पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "वायली, तो चेंडू अजून खाली आलाय का?"

दुकान हसलं. मीही हसले. तेव्हापासून वायली रस्त्यात दिसला की कुणीतरी आकाशाकडे बघत विचारायचंच, "आला का रे खाली?" तोही हसायचा. पण गोष्ट सांगायचा थांबला नाही. चौऱ्याण्णवच्या वसंतात तो गेला, आणि त्याच्या शवपेटीशेजारी उभं राहून दोघंजण तेच बोलले. त्याची मुलगी लोरीन मागंच उभी होती.

त्याच सालच्या ऑक्टोबरात बंबखान्यात लार्क्ससाठी काचेचं कपाट करायचं ठरलं. बंबखान्याचा प्रमुख गार्लंड. त्यानं नियम केला की सामन्यात वापरलेलीच वस्तू घ्यायची आणि ज्यानं वापरली त्याचं नाव कार्डावर लिहायचं. पारखायला चार्ल्सटनहून एक जाणकार बोलावला, मिस्टर प्रुइट, भिंग आणि छोटा दिवा घेऊन हिंडणारे, सभ्य माणूस. लोरीननं बापाच्या गॅरेजातली बॅट नेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅट घेऊन ड्रेमाच्या दारात उभी. पाय पुसायला सांगावं लागलं नाही, ती पायपोसावरच उभी राहिली, आत येईना.

"मिस ड्रेमा, ते म्हणतात ही चौदा नंबरची बॅट आहे. बुडाला चाकूनं चौदा कोरलंय. सामन्यात वापरलेली आहे, शंकाच नाही म्हणतात. पण कार्डावर नाव डच क्रेसलरचं लिहिणार. बाबांचा काही संबंध दिसत नाही म्हणतात."

"मग बरोबरच आहे की ते. चौदा म्हणजे डच."

"मला माहितीय तुम्ही हसता." लोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दीडशे पोरांना एका हाकेत गप्प बसवते, पण आवाज असा की मला चुलीकडे तोंड फिरवावं लागलं. "सगळेच हसता. मी त्याला आयुष्यभर ओळखत होते आणि एवढी एकच गोष्ट मला माहीत नाही, तो खोटं बोलायचा की नाही. कपाटाचं जाऊ द्या. मला ते माहीत करून घ्यायचंय."

ड्रेमानं टेबलावरचे कप बाजूला सारले. मग म्हणाली, "मी सांगेन ते ऐकून घ्यायची तयारी आहे?"

"आहे."

"बापाच्या विरुद्ध गेलं तरी?"

"तरी."

"मग ठेव टेबलावर. आणि ये आत, दारातली गार हवा घरात येतेय."

लोरीन गेल्यावर मी ड्रेमाला म्हटलं, "तू तर आधीच निकाल दिलायस ना? दुकानात. साखरेबरोबर."

"म्हणून तर पंचाईत आहे, आयव्ही. मी हसले होते म्हणून आता खरं ठरवायचं, असं नाही चालणार. आणि हसले होते म्हणून खोटं ठरवायचं असंही नाही."

बॅट तीन दिवस टेबलावर होती. राजमा, मक्याचा पाव, ताक, सगळं तिच्या शेजारी मांडून आम्ही जेवलो. पहिल्या दिवशी ड्रेमानं हात लावला नाही, फक्त खिडकीतला उजेड बॅटीवरून सरकताना बघितला. पिवळे ओरखडे होते. बुटाच्या खिळ्यांचे टोकदार खड्डे होते. शिवणीचे ठसे तर किती! बॅटीच्या जाड भागावर, सगळे एका बाजूला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बॅट धरायला लावली. "कारखान्याचा शिक्का आकाशाकडे कर. आता मूठ पोटाशी धर. मॅनेजर दर पोराला हेच ओरडायचा, शिक्का वर, शिक्का वर, नाहीतर लाकूड चिरतं. सगळे ऐकायचे. ठसे कुठल्या बाजूला आहेत?"

"उजव्या."

"म्हणजे डावखुरा. डच डावखुराच होता. मिस्टर प्रुइट चुकलेले नाहीत."

"आणि वायली?"

"वायली उजव्या हातानं पाना फिरवायचा. त्याचा ठसा असलाच तर डाव्या बाजूला हवा. आणि एकच हवा."

डावी बाजू कोरी होती. जाड भागावर एक टाका नाही. मी खुर्चीत बसले. मला वाटलं, झालं, संपलं.

ड्रेमा मात्र खाली, बारीक भागाकडे बघत होती. शिक्क्याच्या खाली, मुठीच्या चार बोटं वर, जिथून कुणी कधी चेंडू मारत नाही, तिथं डाव्या बाजूला काळ्या ग्रीसचा एक जाडसर ठिपका होता. अंगठ्याएवढा. बाकी बॅटीवर ग्रीस इथंतिथं पुसटसं. इथं मात्र थर.

"प्रुइट काय म्हणाले होते ह्याला?"

"गॅरेजची घाण म्हणे. लोरीन सांगत होती."

"हं." तिनं स्वतःचा अंगठा त्यावर ठेवला. नेमका बसला. "घाण एवढी एका जागी बसत नाही, आयव्ही. हे कुणीतरी पुन्हा पुन्हा बोट ठेवून केलंय. कितीतरी वर्षं." ती उठली आणि चरबीचा डबा चुलीवर ठेवला.

इथं एक सांगते. बॅटी जमवणाऱ्यांचा पहिला नियम असा की बॅट कधीही पुसायची नाही. धूळसुद्धा झटकायची नाही. मिस्टर प्रुइटनी ती सुती हातमोजे घालून धरली होती. ड्रेमाचा पहिला नियम बरोबर उलटा. डाग दिसला की त्याच्याखाली काय आहे ते बघायचं. बारा वर्षं तिनं दुसरं केलंच काय होतं?

पहिल्या घासणीला फडकं करडं झालं. डांबरासारखं तपकिरी नाही, पॉलिशसारखं काळंही नाही. शिशाच्या पेन्सिलीसारखं करडं. ड्रेमाचा हात थांबला. तिनं फडकं उजेडात धरलं आणि मग एकदम स्टुलावर बसली.

"काय गं? चक्कर आली?"

"आयव्ही, हा करडा रंग मी बघितलाय. डचच्या शर्टावर."

दौऱ्याहून कपड्यांचं एकच बोचकं यायचं, पाच दिवसांचं मिळून. त्यात एकदा चौदा नंबरचा शर्ट असा आला होता की दोनदा चरबी लावूनही पोटावरचा डाग करडाच्या करडा. आणि चौदा नंबरची पँट मागून उसवलेली, इथून तिथपर्यंत. ड्रेमानं डचला विचारलं. डच म्हणाला, मी नाही, मला माहीत नाही. फाटलेल्या पँटीबद्दल सगळीच पोरं हे म्हणायची. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "डचनंच फाडली असणार." मग ड्रेमानं तिच्या परीनं शिक्षा दिली. उरलेला हंगाम डचच्या पँटीला तिनं इतकी खळ घातली की तो बाकावर बसला की कडाका ऐकू यायचा. मैदानातले लोक टाळ्या वाजवायचे.

"डच बुटका होता," ड्रेमा म्हणाली. "वायली कसा होता?"

"खांबासारखा."

"खांब डचच्या पँटीत घातला आणि पहिल्या बेसपर्यंत पळवला तर काय होईल?"

मी हसायला लागले, पण ती हसत नव्हती. "बसच्या ह्या ग्रीसनं आणि उसवलेल्या पँटीनं एवढंच कळतं की त्यानं ते कपडे घातले आणि ही बॅट हातात धरली. चेंडू मारला हे नाही कळत. अजून नाही." तिनं फडक्याचा स्वच्छ कोपरा घेतला आणि घासत राहिली. मधूनच थांबायची, फुंकर मारायची. थर गेला, खालचं लाकूड पिवळसर वर आलं, आणि त्यात तीन टाके. मुंगीच्या पायाचे तीन ठसे, वाकडे, पण स्वच्छ. त्याच्याखालून एक केसाएवढी चीर गेलेली.

चुलीवर चरबी चरचरत होती, ती मी उतरवली.

मग मला कळलं ते बोलून गेले, "पण ड्रेमा, हे तर मुठीजवळ आहे. इथं लागलेला चेंडू मनोऱ्यापर्यंत..."

"मनोरा सोड. तिसऱ्या बेसवर चेंडू अडवायला उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून जेमतेम पडला असेल. लोळत गेला नाही हेच नशीब."

"हे नको सांगूस पोरीला. तो खेळला, एवढं सांग. तेवढंच विचारलंय तिनं."

"तिनं विचारलंय तो खोटं बोलायचा का. अर्धं कसं सांगू?"

तिसऱ्या दिवशी लोरीन आली. टेबलाखालून मी ड्रेमाला लाथ मारली, एकदा नव्हे, दोनदा. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "आयव्ही, तुझा पाय आवर," आणि सगळं सांगितलं. करडा डाग, उसवलेली पँट, डाव्या बाजूचे तीन टाके. लार्क्समध्ये कुणी कुणाची बॅट घेत नसे, डच तर बॅट पलंगाखाली ठेवून झोपायचा, म्हणजे तो आडवा असतानाच ती दुसऱ्या हातात गेली. मग तिनं लोरीनचं बोट धरून टाक्यांवर ठेवलं.

"तुझा बाप खरा सामना खेळला. ह्या बॅटीनं त्यानं चेंडू मारला. हे मी चर्चमध्ये उभी राहून सांगेन. पण लोरीन, चेंडू इथं लागला. इथं लागलेला चेंडू नदीवरून जात नाही. कुंपणापर्यंतही जात नाही. मनोरा त्यानं नंतर बांधला."

लोरीन बोटाखालचे टाके चाचपत राहिली. तिचा चेहरा बघवत नव्हता, आणि मी ड्रेमावर मनातून चिडले होते. मग लोरीन हळूच म्हणाली, "इथं लागला तर हाताला काय होतं?"

"हाताला? वीज गेल्यासारखं होतं. पोरं रडायची. जाड भागावर बसला तर काही कळतही नाही, पण इथं लागला तर..."

"हात झणझणतात," लोरीन म्हणाली.

"हो."

"घरी येईपर्यंत स्टिअरिंग धरवत नाही."

ड्रेमानं तोंडावर हात ठेवला.

"तो दर वेळी हात झटकायचा," लोरीन म्हणाली, आणि आता ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. "चाळीस वर्षं झटकत होता, मिस ड्रेमा. आम्ही सगळे मनोऱ्याकडेच बघत बसलो."

"त्या मनोऱ्यानंच घात केला त्याचा," ड्रेमा म्हणाली. "वायलीनं तो चेंडू तिसऱ्या बेसच्या मागं पाडला असता तर मी साखर घेऊन गप घरी आले असते." मग ती म्हणाली, "आणि चेंडू खाली आला का, हे विचारायला मी पहिली होते. तुला माहीत असेल ते. नसेल तर आता सांगते. चूक माझी होती."

"माहीत होतं," लोरीन म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे आणली. तुम्ही हो म्हणालात तर कुणी काही बोलणार नाही."

दुपारी गार्लंड मिस्टर प्रुइटना घेऊन आला. दोघांनी पाय पुसले. पुसलेली जागा प्रुइटनी बघितली आणि त्यांना खरंच लागलं, कुणी त्यांच्याच अंगावर घासल्यासारखं.

"बाई, तुम्ही बॅट धुतलीत?"

"अख्खी नाही. अंगठ्याएवढी."

त्यांनी भिंग लावलं. दिवा ह्या बाजूनं धरला, त्या बाजूनं धरला. कॉफी गार झाली. शेवटी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, "उजव्या हाताचा माणूस. सामन्याचा चेंडू. एकदाच. मी ही जागा कधीच पुसली नसती."

"म्हणून तर तुम्हाला दिसली नाही," ड्रेमा म्हणाली, पण गोड आवाजात, आणि बिटांची एक बरणी त्यांच्या हातात दिली. तिच्याकडून काही घेऊन जाणारा तो पहिलाच जाणकार.

गार्लंडनं विचारलं, "मग कार्डावर काय लिहू, मिस ड्रेमा?"

"थांब. आधी एक फोन करायचाय."

डच ओहायोत मुलीकडे राहत होता. ड्रेमानं फोन असा धरला की मलाही ऐकू यावं. तेवढी ती माझी कदर करते.

"डच? ड्रेमा बोलतेय. टॅकेट फोर्कहून. धुणं."

"अरे देवा," पलीकडून आवाज आला. "मी आता काय फाडलं?"

"काहीच नाही. तेच सांगायला फोन केलाय. ती पँट तू फाडली नव्हतीस. वायली ब्लँकेनशिपनं फाडली. तू हार्लोला आडवा पडलेलास तेव्हा तो तुझ्या जागी खेळला."

मग, "म्हणजे खरंच खेळला तो? आम्ही झोपलो होतो त्या खानावळीत कुणी काही सांगितलंच नाही आम्हाला. आणि ती खळ?"

"खळीबद्दल माफ कर."

"ड्रेमा, मी त्या हंगामात उभा राहून जेवलोय."

"माहितीय मला."

"आणि माझी बॅट? दौऱ्यानंतर ती मला मिळालीच नाही. वायलीनं पळवली?"

"पळवली नाही. सांभाळली. एकेचाळीस वर्षं."

डच इतका हसला की त्याच्या मुलीनं येऊन फोन घेतला आणि विचारलं, कोण बोलतंय, बाबांना काय झालं.

कपाट नोव्हेंबरात उघडलं. बंबखान्यात सॉसेजचे पाव, सफरचंदाचा मुरंबा, आणि गार्लंडचं भाषण, जे मुरंब्यापेक्षा लांब होतं. कार्ड ड्रेमानं सांगितलं तसंच छापलं होतं: डच क्रेसलरची बॅट. १९५३ च्या उन्हाळ्यात डचनं वापरली, आणि एकदा वायली ब्लँकेनशिपनं. डच आला होता, काठी टेकत. त्याच्यासाठी पुढं खुर्ची ठेवली होती. तो बसला, कान देऊन थोडा थांबला, आणि मागं वळून ड्रेमाला म्हणाला, "आवाज नाही आला बघ."

शवपेटीशेजारी बोललेले ते दोघंही आले होते. कपाटासमोर उभे राहून त्यांनी कार्ड वाचलं, टोप्या काढल्या, परत घातल्या. कुणी वर बघितलं नाही.

नंतर शाळेची पोरं कपाटाला नाकं लावून उभी राहिली तेव्हा त्यांतल्या एकीनं लोरीनला विचारलं, तुझ्या बाबांनी चेंडू कुठं मारला. लोरीननं ड्रेमाकडे पाहिलं. ड्रेमा कॉफीच्या कपात बघत होती.

"तिसऱ्या बेसवरच्या माणसाच्या डोक्यावरून," लोरीन म्हणाली. "जेमतेम. पण सामना जिंकला. आणि हात असे झणझणले की घरी येईपर्यंत स्टिअरिंग धरवत नव्हतं." तिनं दोन्ही हात हवेत झटकले, आणि पोरांनीही झटकून बघितले.

आता ड्रेमाचे डोळे गेलेत, ती बॅटी घेत नाही. तरी लोक येतात. ती दारातूनच सांगते, "मला दिसत नाही, आयव्हीला दाखव," आणि मग आतून ओरडते, "पाय पुसून!"